धरणारं हत्यार

बुऱ्हाणपुरात जुन्या मोटारसायकलींचं काम करणाऱ्याला एक मोठी सोय आहे. इथे गल्लोगल्ली पॉवरलूम आहेत. लूम आली की ती दुरुस्त करणारा जॉबर आला आणि जॉबरच्या मागे खरादवाला, वेल्डिंगवाला, लोहार, भंगारवाला हेही आलेच. बंद लूम कुणालाच परवडत नाही. त्यामुळे सकाळी तुटलेली पिन किंवा झिजलेला बुश संध्याकाळच्या आत बनवून देणारी माणसं शिकारपुऱ्यापासून लालबागेपर्यंत कुठेही सापडतात. ‘हा पार्ट मिळत नाही’ हे वाक्य या गावात फार कमी ऐकू येतं. मिळत नसेल तर बनवायचा, एवढंच इथल्यांना माहीत. मी स्वतःची हत्यारं बनवायला लागलो ते कुणी शिकवलं म्हणून नव्हे. आजूबाजूला सगळे तेच करत होते.

वडील जॉबर होते. घरात तांदळाच्या डब्याशेजारी पान्यांचा डबा असायचा. मी लूमच्या धंद्यात गेलो नाही, गाड्यांच्या नादी लागलो. सुरुवातीला मिळेल ते काम करायचो, इंजिन, क्लच, वायरिंग, सगळं. पुढचे शॉकअप खोलण्याचं काम माझ्याकडे सरकत आलं, कारण ते कुणालाच नको असतं. तेलकट काम, वेळ भरपूर जातो, आणि गिऱ्हाइकाला दिसतं काय, तर दोन रबरी सील बदलले. त्याचे पैसे मागायलाही संकोच वाटतो. मग खंडवा, रावेर, मुक्ताईनगर इथले मिस्त्री गाडी न पाठवता नुसता पुढचा चिमटाच, म्हणजे शॉकअपची जोडी, काढून बारदानात गुंडाळून बसने पाठवायला लागले. अशी वीसेक वर्षं गेली. या काळात मी शॉकअप किती खोलले याचा हिशेब नाही, पण ते खोलण्यासाठी बनवलेल्या हत्यारांनी एक लाकडी पेटी भरली आहे. त्या पेटीने मला जे शिकवलं ते सांगावंसं वाटतं.

आधी हे काम नेमकं काय असतं ते सांगतो. मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपमध्ये वरचा चकचकीत पाइप खालच्या जाड नळीत वरखाली सरकतो. आत स्प्रिंग असते, तेल असतं आणि ते तेल बारीक भोकांतून ढकलून धक्का जिरवणारा दांडा असतो. तेलाने धक्का जिरवणारा असा शॉकअप बीएमडब्ल्यूने 1935 साली आर 12 या गाडीवर आणला, आणि पुढच्या वीसेक वर्षांत बहुतेक कंपन्या त्याच वाटेने गेल्या. आपल्याकडे मद्रासला बनणाऱ्या बुलेटला, म्हैसूरच्या जावा आणि येझ्दीला, पुढे यामाहाच्या आरएक्स 100 ला, सगळ्यांना पुढे असेच दोन पाइप. वेगळी होती ती राजदूत. पोलंडच्या एसएचएल एम 11 वरून बनलेली ही गाडी. तिला पुढे लांब आर्म आणि दोन छोटे शॉकअप. तिचं काम वेगळं आणि तिची हत्यारंही वेगळी.

पाइपवाल्या शॉकअपचं तत्त्व एक असलं तरी प्रत्येक कंपनीने तो जोडण्याची रीत आपापली ठेवली. कुणी पाइप वरच्या कास्टिंगमध्ये आट्यांनी बसवला, कुणी निमुळता करून ठोकून बसवला. कुणी सील धरायला आट्यांचं कडं लावलं, कुणी तारेची कडी. त्या त्या रीतीसाठी कंपनीने हत्यारही बनवलं आणि ते आपल्या अधिकृत वर्कशॉपला दिलं. पुढे गाडी बंद पडली, काही ठिकाणी कंपनीही बंद पडली, ते वर्कशॉप मोबाइलचं दुकान झालं आणि हत्यार भंगारात गेलं. गाडी मात्र राहिली. शाहपूरच्या एखाद्या केळीवाल्याच्या गोठ्यात ती अजून उभी असते आणि त्याच्या मुलाला एक दिवस वाटतं, वडिलांची गाडी चालू करावी.

माझी पहिली अडचण आरएक्स 100 ची. 1985 ते 1996 या काळात आलेली ही गाडी आमच्या भागात आजही पोरांचा जीव की प्राण आहे. तिच्या शॉकअपच्या बुडाशी एलन कीचा बोल्ट असतो. तो खालून आत जाऊन तेलाच्या दांड्यात बसतो. बोल्ट निघाला की पाइप आणि नळी वेगळे होतात. ऐकायला सोपं आहे. पण बोल्ट फिरवला की आतला दांडाही त्याच्याबरोबर गोल फिरतो. बोल्ट सैल होतच नाही. तुम्ही दिवसभर फिरवत बसा, बोल्ट आणि दांडा दोघंही फिरत राहतात.

इथे बहुतेक मिस्त्री जोर वाढवतात. पान्याला पाइप लावतात, छिन्नीने बोल्टच्या कडेला ठोकतात, शेवटी ड्रिल मारून डोकं उडवतात. असे डोकं उडालेले, बूड फुटलेले शॉकअप माझ्याकडे पुष्कळ येतात. प्रत्येकामागची गोष्ट तीच असते, की बोल्ट लई जाम होता. खरं म्हणजे तो जाम नसतो. जाम असता तर फिरलाच नसता. त्याला फिरवायला हात भरपूर मिळाले, दुसऱ्या टोकाला धरणारं कुणी नव्हतं.

हे ज्या दिवशी नीट कळलं त्या दिवसापासून माझं हत्यारांकडे बघणं बदललं. खोलण्याच्या कामात फिरवणारं हत्यार बाजारात मिळतं. धरणारं हत्यार बहुतेक वेळा आपल्याला बनवावं लागतं.

आरएक्सच्या त्या दांड्याला धरायचं कुठे? तो दीडएक हात खोल पाइपाच्या तळाशी, तेलात बुडालेला. विहिरीत पडलेली बादली वरून गळ सोडून चाचपत काढायची, तसं हे काम. डोळ्यांना काही दिसत नाही. वडिलांनी एक जुनी पिकिंग स्टिक दिली. शटलच्या लूममध्ये धोट्याला फटका मारणारी ही लाकडी काठी. दिवसभर मार खाऊन न फुटणारं लाकूड तिला लागतं. ती खरादवर गोल करून टोक निमुळतं केलं. वरून पाइपात घालून हातोडीने हलकेच ठोकली की ते टोक दांड्याच्या तोंडात घट्ट रुतून बसायचं, आणि खालून बोल्ट फिरवला की पहिल्याच झटक्यात सैल व्हायचा. लाकूड असल्यामुळे आतल्या दांड्याला ओरखडाही नाही. टोक झिजलं की पुन्हा छिलायचं. कितीतरी काळ मी त्या एका काठीवर काम काढलं.

पण तेल लागून लाकूड गुळगुळीत होतं आणि जिथे बोल्ट गंजलेला तिथे ते घसरतं. शिवाय सगळ्या गाड्यांच्या दांड्याचं तोंड गोल नसतं. काहींना षटकोनी खाच असते, काहींना बारा कोनांची, काहींना चौकोनी. आतलं तोंड कसं आहे हे बघायचं कसं? शिकारपुऱ्यातल्या एका खरादवाल्या चाचांनी युक्ती सांगितली. सळईच्या टोकाला ओल्या साबणाचा गोळा लाव, आत दाब आणि न फिरवता सरळ वर ओढ. साबणावर तोंडाचा ठसा येतो. त्या ठशावर व्हर्नियर लावून माप घ्यायचं. चाचांचा नियम कडक होता. माप कागदावर काढून आणल्याशिवाय ते लोखंडाला हात लावत नसत. ‘जो कागज पे नहीं बना, वो खराद पे क्या बनेगा,’ म्हणायचे आणि मला परत पाठवायचे. त्यांच्यामुळे मला चित्र काढून विचार करायची सवय लागली.

ठसा घेतल्यावर एक गोष्ट लक्षात आली. ती खाच उगीच नव्हती. कारखान्यात दांडा जोडणाऱ्या माणसालाही तो कुठेतरी धरावाच लागला असणार, म्हणून ती जागा ठेवली होती. यंत्र बनवणाऱ्याने ते जोडलं तेव्हा त्याच्या हातात हत्यार होतं, आणि त्या हत्याराची खूण पार्टवर राहतेच. एखाद्या कड्यावर समोरासमोर दोन भोकं दिसली, गोल पाइपवर दोन सपाट बाजू दिसल्या, कुठे अर्धगोल खाच दिसली, तर ती शोभेसाठी नसते. आता नवीन गाडी पुढ्यात आली की मी पाना उचलत नाही. पार्ट डिझेलने धुतो, उन्हात धरतो आणि पकडायची जागा शोधतो. ती सापडली की हत्यार कसं असावं हे ठरवायला फार वेळ लागत नाही.

षटकोनी खाचेचं हत्यार सगळ्यांत सोपं आणि स्वस्त. आट्यांची लांब सळई घ्यायची, टोकाला खाचेच्या मापाचे दोन नट एकमेकांवर आवळून लॉक करायचे, वरच्या टोकाला आडवा दांडा. 12 मिलिमीटरच्या नटाचं बाहेरचं माप 19 मिलिमीटर येतं, 16 च्या नटाचं 24. हार्डवेअरच्या दुकानात सळई आणि वेगवेगळे नट घेतले की बऱ्याच जपानी गाड्यांचं काम निघतं. हल्ली काही नट 19 ऐवजी 18 चे येतात, म्हणून नट विकत घेताना मी व्हर्नियर खिशात ठेवतो. दुकानदार हसतो. हसू दे. एक मिलिमीटरचा ढिलेपणा म्हणजे खाचेचे कोपरे गेले, आणि ते कोपरे पुन्हा बनवून मिळत नाहीत.

आणखी एक गोष्ट हत्याराशिवाय करता येते, ती आधी करावी. वरची टोपी काढण्याआधी, स्प्रिंगचा जोर आत असतानाच, शॉकअप दाबून धरून खालचा बोल्ट सैल करून बघायचा. स्प्रिंग दांड्याला दाबून धरते आणि पुष्कळ वेळा तेवढ्यावर काम होतं. माझ्याकडे चिमटा काढून, वरची टोपी उघडून, स्प्रिंग वेगळ्या पिशवीत घालून पाठवणारे मिस्त्री आहेत. मदत केली असं त्यांना वाटतं. स्प्रिंग आत असती तर पाच मिनिटांचं काम होतं.

बुलेटची गोष्ट निराळी. तिच्या जुन्या मॉडेलमध्ये मुख्य पाइप हेडलाइटच्या कास्टिंगमध्ये आट्यांनी बसतो. तो फिरवून काढायचा म्हणजे पकड थेट पाइपवरच. इथे पाइप पाना लावणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत महाग उपाय. त्याचे दात पाइपवर उमटतात, तो उंचवटा पुढे सील फाडतो आणि नवीन सील घालूनही तेल गळत राहतं. गिऱ्हाईक म्हणतं सील डुप्लिकेट होतं.

या पाइपसाठी मी दोन भागांचा शिकंजा बनवला. अॅल्युमिनियमचा ठोकळा, त्याला मधोमध पाइपच्या मापाचं भोक आणि मग करवतीने तो दोन तुकड्यांत कापलेला. करवतीच्या पात्याइतकी जी फट पडते तीच पुढे आवळायला उपयोगी पडते. आतून लूमच्या चामडी पट्ट्याचा तुकडा चिकटवला. दोन बोल्टने आवळलं की पाइपवर सगळीकडून सारखा दाब येतो आणि डाग पडत नाही. ठोकळ्याला लांब दांडा जोडला. खालच्या टीचे, म्हणजे दोन्ही पाइप धरणाऱ्या पट्टीचे, बोल्ट सैल केले आहेत ना, हे मात्र दोनदा बघतो. ते आवळलेले असताना पाइप फिरवायला जाणं म्हणजे दार आतून लावून बाहेरून धक्के मारण्यासारखं, आणि असे धक्के मारून वाकवलेल्या टी मी पाहिल्या आहेत. जिथे पोलादी पाइप अॅल्युमिनियममध्ये बसून गंजला आहे तिथे आधी रात्रभर डिझेल-रॉकेल, मग कास्टिंगवर उकळतं पाणी. तापल्यावर अॅल्युमिनियम पोलादापेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतं. तेवढी फट पुरते आणि रंगही जळत नाही, जो गॅसच्या ज्योतीने हमखास जळतो.

बुलेटनेच मला मापांचा धडा दिला. जुन्या बुलेटवर इंग्रजी मापं आहेत. आमच्या भागातले म्हातारे मिस्त्री अजून सुतात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच. पण व्हिटवर्थच्या पान्यावर जो आकडा असतो तो बोल्टच्या जाडीचा, पान्याच्या तोंडाचा नव्हे. पाव इंची व्हिटवर्थ पान्याचं तोंड 0.525 इंच, म्हणजे 13.3 मिलिमीटर. त्यावर 13 चा पाना चढत नाही आणि 14 चा चढून घसरतो. आपल्या देशात मेट्रिकचा कायदा 1956 साली झाला, तरी या गाड्यांवर इंच पुढे कितीतरी वर्षं टिकून राहिला. 14 चा पाना लावून गोल केलेल्या नटांनी माझा एक डबा भरलेला आहे. नव्या पोरांना शिकवताना मी तो डबा पुढ्यात ओततो, बोलावं लागत नाही.

काय बनवायचं आणि काय विकत घ्यायचं, हे कळायला मला हत्यारं बनवायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागला. बनवण्याचा एक चस्का असतो. खराद जवळ आहे, भंगार स्वस्त आहे, मग प्रत्येक गोष्ट आपणच करावीशी वाटते. पण एलन की मी कधी बनवत नाही. त्या कीच्या पोलादाला जी ताकद लागते ती आपल्या भट्टीत येत नाही. ती चांगल्या कंपनीचीच घ्यायची आणि टोक किंचित गोल झालं की घासून पुन्हा सपाट करायची. पाने नाशिकच्या तापडियाचे, काही इंदूरच्या सियागंजातून, काही जुनी इंची हत्यारं मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून आणलेली. जिथे हत्यार लहान आणि जोर मोठा, तिथे विकतचं. जिथे हत्यार लांब, विचित्र आकाराचं आणि एकाच गाडीला लागणारं, तिथे घरचं. आता मला हा हिशेब सोपा वाटतो.

बीएसए या विलायती कंपनीच्या एका गाडीच्या वेळी हा हिशेब कसाला लागला. इंदूरच्या एका डॉक्टरांची गाडी, त्यांच्या आजोबांची. बीएसएच्या या शॉकअपमध्ये सील धरणारं कडं खालच्या नळीवर आट्यांनी बसतं आणि त्याला पकडायला फक्त खाचा असतात. कंपनीच्या पुस्तकात या हत्याराचं चित्र आहे, क्रमांक 61-3005. पाइपवरून खाली सरकणारी लांब नळी, टोकाला खाचांत बसणारे दात आणि वर आडवा दांडा. विलायतेतून मागवता आलं असतं. पण डॉक्टरांना घाई होती आणि मला उत्सुकता.

नळी सोपी होती, भंगारातून जाड पाइप मिळाला. प्रश्न दातांचा. साध्या लोखंडाचे दात वाकतात. ट्रकच्या कमानीच्या पट्ट्याचं पोलाद चांगलं असतं, पण त्याला पाणी कसं द्यायचं हे लोहाराच्या हातात. आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या लोहारबाबांनी ते मला समोर बसवून दाखवलं. तुकडा लाल होईपर्यंत तापवायचा. पुरेसा तापला का, हे बघायला जवळ चुंबक धरायचं. 770 अंशांच्या आसपास पोलाद चुंबकाला चिकटणं सोडतं, त्याच्या थोडं वर गेलं की जळक्या ऑइलमध्ये बुडवायचं. आता तो काचेसारखा कडक, आणि तसाच वापरला तर काचेसारखाच तुटणार. म्हणून तो घासून चकचकीत करायचा आणि पुन्हा मंद आचेवर धरायचा. चकाकी आधी फिकट पिवळी होते, मग तपकिरी, मग जांभळी, मग निळी. फिकट पिवळ्यावर थांबलं तर धार चांगली टिकते, पण झटका सोसत नाही. आम्हाला झटका सोसणारं हवं होतं, म्हणून जांभळ्यावरून निळ्याकडे वळताना बाबांनी काढलं. ‘जास्त कडक माल कामाचा नाही भाऊ,’ एवढंच बोलले.

दात तयार झाल्यावर ते नळीला वेल्डिंग करायचे नव्हते. कमावलेल्या पोलादाशेजारी वेल्डिंग झालं की त्याचं पाणी उतरतं, नाहीतर शेजारून तडा जातो. म्हणून नळीत खोबणी करून दात ठोकून बसवले आणि बाहेरून कडं चढवलं. दोन दिवस गेले. कडं सुटायला दोन मिनिटं लागली. डॉक्टर त्या दोन मिनिटांचं कौतुक करत होते. मी दोन दिवसांची अर्धी मजुरी लावली, ती त्यांना आधी जास्त वाटली, मग हत्यार हातात घेऊन पाहिल्यावर वाटली नाही. हत्यार मात्र मी ठेवून घेतलं. गिऱ्हाइकाच्या पैशाने बनलेलं हत्यार कुणाचं, यावर आमच्या लाईनीत मतभेद आहेत. मी आधीच सांगतो, हत्यार माझं, मजुरी अर्धी.

फाइल मारायला मला नेपा मिलमधून निवृत्त झालेल्या एका फिटरकाकांनी शिकवलं. 1956 पासून कितीतरी वर्षं देशाला वर्तमानपत्राचा कागद पुरवलेली ही गिरणी आमच्या जिल्ह्यात आहे, आणि तिने इथल्या घराघरांत एक तरी हिशेबी हाताचा माणूस तयार केला. कानस पुढे जाताना कापते, मागे येताना नाही, तर मागे येताना दाबायचं कशाला? एवढी साधी गोष्ट. पण ती हातात उतरेपर्यंत माझी एकही सपाट बाजू सपाट होत नव्हती. त्यांचं आणखी एक म्हणणं मी पाळतो. हत्यार जिथे पार्टला लागतं ती बाजू आरशासारखी, बाकीचं कसंही असलं तरी चालेल. माझी हत्यारं बघायला ओबडधोबड आहेत. दांडे वेल्डिंगचे थेंब पडलेले, रंग नाही. पण टोकं बघा.

लूमच्या गावाने मला आणखी कितीतरी दिलं. म्हशीच्या चामड्याचे जुने पिकर. लूममध्ये धोट्यावर आपटणारा हा तुकडा मी दांड्याला बसवून हातोडी म्हणून वापरतो. बीएसएसारख्या गाड्यांत पाइप वरच्या पट्टीत निमुळता रुतलेला असतो. त्यावर लोखंडी हातोडी मारली की आटे गेले. वरचा नट दोन-तीन आटे सैल करून त्यावर चामड्याच्या हातोडीचा एक नेमका घाव घातला की पाइप उतरतो. केळीच्या बागांतून उरलेले पीव्हीसी पाइपचे तुकडे नवीन सील ठोकून बसवायला उत्तम. सीलच्या बाहेरच्या कडेला टेकणारं माप निवडायचं, कडा घासून काटकोनात आणायची, बस्स. बाजारात या कामाचं चकचकीत हत्यार मिळतं आणि ते चांगलंही असतं, पण त्याने जे होतं ते या तुकड्यानेही होतं.

आता शटलच्या लूम कमी होत चालल्या आहेत. बिनधोट्याच्या रॅपियर लूम आल्या, त्यांत पिकिंग स्टिक नाही, चामड्याचा पिकरही नाही. भंगारवाल्याकडे जे मिळतं ते बदललंय. चाचांच्या मुलाने खराद ठेवला आहे, पण त्याचं लक्ष आता मोठ्या कामांकडे आहे आणि ते बरोबरच आहे. मी माझ्यापुरता चार-पाच काठ्यांचा आणि थोड्या पिकरांचा साठा करून ठेवला आहे. तेवढा मला पुरेल.

वाकलेल्या पाइपचं सांगायला हवं, कारण तिथे हत्याराची मर्यादा दिसते. इंदूर–इच्छापूर रस्त्यावर खड्ड्यात आदळलेल्या, ट्रॉलीला धडकलेल्या गाड्या येतात. पाइप वाकलेला असेल तर धरणारं हत्यार कितीही चांगलं असो, पाइप नळीतून निघत नाही, आणि ओढून काढला तर आतून नळी खरवडते. अशा वेळी आधी बघायचं, वाक कुठे आहे. दोन आधारांवर पाइप ठेवून हळूहळू फिरवला आणि डायल गेज लावला की सुईच सांगते. थोडा वाक प्रेसवर निघतो. जास्त असेल किंवा पाइपवर सुरकुती पडली असेल, तर मी खोलण्याआधीच गिऱ्हाइकाला सांगतो, ‘भाऊ, हा पाइप गेला. नळी वाचवायची असेल तर पाइप कापावा लागेल.’ काहींना पटतं. रावेरकडच्या एका काकांना पटलं नाही. वडिलांची येझ्दी होती, पाइप मूळचा होता, कापू नका म्हणाले. ती गाडी त्यांनी तशीच परत नेली. मला त्यांचा राग आला नाही. न खोलणं हाही एक निर्णय असतो, आणि तो गाडीच्या मालकाने घ्यायचा.

पैशाचं स्पष्ट सांगतो. या कामात श्रीमंती नाही. जुन्या गाड्यांची हौस वाढली तसे दर थोडे सुधारले, पण एका हत्यारावर गेलेला वेळ एका गाडीत वसूल होत नाही. तो दहाव्या गाडीत वसूल होतो, आणि दहावी गाडी येईलच याची खात्री नसते. माझ्या पेटीत काही हत्यारं अशी आहेत जी एकदाच वापरली. पाठ धरते, डोळे जवळचं दाखवत नाहीत, हातांचा तेलाचा वास घरच्यांना सवयीचा झाला आहे. तरी हे काम सोडावंसं वाटलं नाही, कारण प्रत्येक नव्या शॉकअपमध्ये एक प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर कुणीतरी एकदा काढलेलं असतं. आपल्याला ते फक्त पुन्हा शोधायचं असतं.

हल्ली माझ्याकडे शिकायला येणारी पोरं बॅटरीवर चालणारी इम्पॅक्ट गन घेऊनच येतात. खालच्या बोल्टला गन लावली, ट्रिगर दाबला, बोल्ट बाहेर. धरायचं हत्यार कशाला, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नाही. मीही गन वापरतो. पण ती का चालते हे त्यांना विचारतो. गनचा प्रत्येक झटका इतका जलद असतो की आतल्या दांड्याला फिरायला वेळच मिळत नाही. त्याचं वजनच त्याला क्षणभर जागेवर ठेवतं. म्हणजे इथेही धरण्याचं काम होतंच, फक्त ते आपल्याला दिसत नाही. हे ज्याला कळलं तो गन कुठे चालणार नाही हेही ओळखतो. दांडा हलका असेल, बोल्ट गंजलेला असेल, तिथे गन कितीही घुरघुरली तरी दोघं एकत्रच फिरतात.

आणि परत जोडताना गन नकोच. त्या बोल्टखाली तांब्याचा वॉशर असतो, तेल तिथून गळू नये म्हणून. बोल्ट आठ मिलिमीटरचा असेल तर त्याला साधारण 20 न्यूटन-मीटरच्या आसपास आवळणं पुरतं. गनने वॉशर चिरडतो, नाहीतर आटे ओढले जातात. हाताने मोजून आवळायचं तर दांडा पुन्हा फिरतो, आणि पुन्हा तीच सळई, तेच दोन नट आत सोडावे लागतात. गेल्या काही वर्षांत माझ्या पेटीतली धरणारी हत्यारं खोलण्यापेक्षा जोडण्यासाठीच जास्त बाहेर निघतात. पोरांना मी आता कामाची सुरुवात तिथूनच करायला लावतो. आधी रिकामा शॉकअप जोडायचा, मोजून आवळायचा, त्यात तेल भरून रात्रभर उभा ठेवायचा. सकाळी खाली ठेवलेला कागद कोरडा असला, तर दुसऱ्या दिवशी खोलायला द्यायचा.